पुरावा कुणी द्यायचा?

(चिंचपाडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



निमंत्रणपत्रात विषय लिहिला होता, 'सामाजिक विषमता आणि न्यायाच्या कल्पना'. मोठ्या विषयाचा वक्त्याला एक फायदा असतो, त्यात काहीही बसवता येतं. प्लेटोपासून सुरुवात करावी, वाटेत फुले-आंबेडकरांना वंदन करावं, सरनाम्यापाशी थांबावं. टाळ्या ठरलेल्या असतात. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी संयोजकांनी त्याच पत्रात एक ओळ लिहिली होती. शाळा सुटल्यावर गुरुजी ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, अशी. मला माझा विषय त्या ओळीत सापडला.

अर्ज कसा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वर 'मे. तहसीलदार साहेब', मध्ये आपलं गाऱ्हाणं, खाली 'आपला नम्र' आणि सगळ्यात शेवटी डाव्या कोपऱ्यात 'सोबत': रेशनकार्डाची नक्कल, सातबारा, जातीचा दाखला, सरपंचाचं पत्र. गाऱ्हाणं कितीही खरं असो, साहेबाची नजर आधी त्या डाव्या कोपऱ्यावर जाते. आता मला सांगा, असा अर्ज आयुष्यात किती वेळा करावा लागतो? पुण्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याला क्वचितच. तो कोण आहे, कुठला आहे, त्याची जमीन त्याचीच आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही. इथल्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला मात्र जन्मापासून हेच सिद्ध करत बसावं लागतं. तो आदिवासी आहे हे, तो गरीब आहे हे, त्याचं शेत त्यानंच कसलं हे, त्याला दुखतंय हे. कधी कधी तर तो तोच आहे हेसुद्धा.

समाजशास्त्रात आम्ही विषमता जमिनीत मोजतो, उत्पन्नात मोजतो, शाळेच्या वर्षांत मोजतो. मला आज एवढंच म्हणायचं आहे की, पुरावा देण्याचं ओझंसुद्धा समाजात असमान वाटलेलं असतं. ज्याच्याकडे कागद ठेवायला कपाट नाही, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त कागद मागितले जातात. न्यायाचा विचार करणाऱ्या थोरामोठ्यांनी या वाटपाकडे फारसं लक्ष दिलेलं नाही, असं माझं मत आहे.

या भागापासूनच सुरुवात करू. खांडबारा आणि नवापूर यांच्या मधलं हे गाव, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं. पुढे नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. लोक तिथल्या बाकावर दोन राज्यांत बसून फोटो काढतात. गंमत वाटते. पण ती रेघ स्टेशनातून जाते तशी माणसांच्या घरांतूनही जाते. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली दीडशेहून अधिक गावं गुजरातकडे गेली. मावची, गावित, कोकणी, भिल्ल ही माणसं दोन्हीकडे तीच, सोयरिकी त्याच, देव तेच. आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात तारीख मागितली जाते ६ सप्टेंबर १९५० ची: त्या दिवशी तुमचं घराणं कुठं राहत होतं? तेव्हा महाराष्ट्र नव्हता, गुजरातही नव्हता, दोन्हीकडे मुंबई राज्य होतं. उच्छलची मुलगी लग्न होऊन चिंचपाड्याला आली तर तिचा दाखला माहेरचा, म्हणजे गुजरातचा. त्यावर तिला महाराष्ट्रात नोकरीतलं आरक्षण मागता येत नाही. सासर-माहेर एका दिवसात पायी होईल एवढ्या अंतरावर आणि तरी कायद्याच्या दृष्टीनं ती परराज्यातली.

आता थोडं मागे जाऊ. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यातले काही भाग 'अंशतः वगळलेली क्षेत्रं' म्हणून जाहीर केले. पश्चिम खानदेशात त्यात नवापूर पेटा होता, अक्राणी महाल होता, मेवासी संस्थानिकांची गावं होती. सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं १९३९ मध्ये या वगळलेल्या भागांतल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला. सावकार, जमीनदार, जंगलचे ठेकेदार आणि खालचे सरकारी नोकर मिळून आदिवासीला कसं पिळतात हे त्यात आहे. साहेबी भाषेतला अहवाल आहे, दयाबुद्धीचा वास येतो. पण त्या साहेबानं एक गोष्ट बरोबर हेरली होती. या माणसाची जमीन जाऊ नये म्हणून कायद्याची बंदी हवी आहे, कारण कागदाच्या खेळात तो हरणारच.

तो खेळ कसा चालतो ते शहाद्यात दिसलं. तापीकाठची काळी जमीन. भिल्लांच्या हातून ती गेली कशी? कुणी तलवार काढली नव्हती. हातउसनं धान्य, लग्नाचा खर्च, मग स्टँपपेपर, मग अंगठा, मग फेरफार. काही वर्षांनी जमिनीचा मालक आपल्याच शेतावर दुसऱ्याचा सालदार झालेला. त्याला विचारलं तर तो सांगायचा, ही जमीन आमची. पुरावा? बांधावरचं झाड, म्हाताऱ्याची आठवण, गावाला ठाऊक असलेली गोष्ट. समोरच्याकडे सातबारा. कज्जा कोर्टात उभा राहण्याआधीच निकाल लागलेला.

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत धान्यावरून संघर्ष झाला आणि आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातून पुढे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणायचे, त्यांच्या नेतृत्वाखाली माणसं उभी राहिली. सर्वोदयाचे कार्यकर्ते होते, मुंबई-पुण्याहून कुमार शिराळकरांसारखे तरुण आले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना झाली. सालदारांचे पगार, रोजगार हमी, दारूविरोधात बायकांनी फोडलेली मडकी, हे सगळं त्या चळवळीचं. वाहरू सोनवणे यांची कविता त्याच मातीतली. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये गेले, फार लवकर.

त्या चळवळीची एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा जो कायदा १९७४ चा, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत देता येईल, असं त्यात आहे. आणि चौकशी कशी सुरू व्हावी? अर्ज आल्यावर, किंवा कलेक्टरनं स्वतःहून. हे 'स्वतःहून' महत्त्वाचं आहे. जमीन गमावलेल्या माणसानं ओट्यावर येऊन अर्ज लिहून घ्यायची वाट सरकारनं बघायची नाही. रेकॉर्ड सरकारजवळ आहे, सरकारनं ते उघडायचं आणि आदिवासीची जमीन कुठं गेली ते शोधायचं. पुराव्याचं ओझं कायद्यानं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. ते सगळीकडे नीट उचललं गेलं असं मी म्हणणार नाही. १९५७ च्या आधी गेलेली जमीन तर गेलीच. पण कायद्याला हे सुचलं आणि ते सुचवणारे दिल्लीचे विद्वान नव्हते, मोर्चातली माणसं होती.

योगायोग असा की पाटीलवाडीत गोळ्या झाडल्या गेल्या त्याच १९७१ साली अमेरिकेत हार्वर्डच्या जॉन रॉल्सचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. विसाव्या शतकातलं न्यायावरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक. त्यातली मुख्य कल्पना साधी आहे. समाजाचे नियम ठरवायला माणसं बसली आहेत, पण आपण त्या समाजात कोण होणार हे कुणालाच माहीत नाही. श्रीमंत की गरीब, हुशार की मंद, कुणाच्या पोटी. मध्ये अज्ञानाचा पडदा आहे. अशी माणसं जे नियम ठरवतील ते न्याय्य, कारण प्रत्येकजण आपण सर्वांत खालच्या जागी पडलो तर काय, हा विचार करील.

रॉल्सनं या पडद्याआड काय वाटायला ठेवलं? स्वातंत्र्य, संधी, उत्पन्न, संपत्ती, स्वाभिमानाचा आधार. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. पडद्याआड बसलेल्यांना विचारा की वाद झाला तर सिद्ध कुणी करायचं? आपण उद्या तलाठी होणार की भिल्ल सालदार होणार हे ठाऊक नसलेला कुठला शहाणा माणूस म्हणेल की ज्याच्याकडे दप्तर आहे त्यानं गप्प बसावं आणि ज्याला वाचता येत नाही त्यानं नकला आणाव्यात?

नंतर अमर्त्य सेन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात रॉल्सवर टीका केली. परिपूर्ण न्यायाचा आराखडा काढत बसू नका, समोर दिसणारा अन्याय कमी करा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण समोरचा अन्याय 'दिसावा' लागतो आणि तो कुणाला दिसतो, कुणाच्या सांगण्यावरून दिसतो, हा प्रश्न राहतोच. मिरांडा फ्रिकर या इंग्लंडच्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये त्याला हात घातला. माणसाचं बोलणं तो कोण आहे यावरून कमी विश्वासाचं मानलं जातं, तेव्हा त्याच्यावर एक स्वतंत्र अन्याय होतो, असं त्या म्हणतात. त्यांची उदाहरणं पाश्चात्य आहेत, आणि ती शोधायला त्यांना बरीच यातायात करावी लागली असावी. आपल्याकडे कुठल्याही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलं की पुरे.

पोलीस ठाण्यावरून आठवलं. मार्च १९७२ मध्ये आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण घडलं. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर माहीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे विरोध केल्याचा पुरावा नाही. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. त्यातल्या वसुधाताईंनी पुढं आपल्याच सातपुड्याच्या बाजूला आदिवासींमध्ये कायद्याचं काम केलं. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४ अ आलं: कोठडीसारख्या ठिकाणी स्त्री म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं आधी तेच खरं धरून चालावं. म्हणजे इथंही ओझं हललं. आधी तिनं सिद्ध करायचं होतं, आता त्यानं. शिक्षेचे आकडे वाढवण्यापेक्षा हा बदल मला खोल वाटतो.

आता जंगलाकडे येतो. इथल्या बहुतेकांचा विषय तोच आहे.

आपल्याकडे जंगलजमीन कसणाऱ्यांना सरकारी भाषेत फार दिवस एकच नाव होतं, अतिक्रमणधारक. काहींकडे एकसाली प्लॉट होते, एका वर्षाच्या करारावर दिलेले. करार संपला तरी नांगर थांबला नाही, कारण पोट थांबत नाही. मग गार्ड यायचा. बैल धरायचा, नांगर न्यायचा, दंड करायचा. दंडाची पावती मिळायची किंवा मिळायची नाही. या पावतीची गोष्ट मला सांगायची आहे, कारण इतका चमत्कारिक कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

१९७५ मध्ये ती पावती गुन्ह्याचा दाखला होती. माणसानं ती लपवली असेल, जाळली असेल. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन स्वतः कसतो आहे, त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत तिचा हक्क मिळणार. आणि कसतो आहे याचा पुरावा काय? तीच पावती! अमुक साली तमुक कंपार्टमेंटमध्ये नांगरताना सापडला, दंड केला, सही-शिक्का. जो गुन्हेगार होता तो एका रात्रीत हक्कदार झाला, त्याच कागदावर.

चांगलंच झालं, तुम्ही म्हणाल. झालंच. पण आता त्याच्या शेजाऱ्याचा विचार करा. तोही तितकीच वर्षं कसत होता. पण गार्ड आला की कोंबडी द्यायचा, वर पैसे द्यायचा आणि सुटायचा. कोंबडीची पावती कुणी फाडत नाही. ज्याच्याकडून लाच घेतली गेली त्याच्याजवळ काही उरलं नाही. ज्याला दंड झाला त्याच्याजवळ पुरावा उरला. तिसरा एखादा इतका आत, इतक्या उंचावर राहायचा की गार्ड तिथवर कधी पोचलाच नाही. त्याचा हक्क सगळ्यात जुना आणि त्याच्याजवळ कागद सगळ्यात कमी. सरकारचा जितका त्रास जास्त, तितका पुरावा जास्त, असं हे गणित आहे. दप्तर म्हणजे भूतकाळाचा आरसा नव्हे. सरकार जिथं जिथं माणसाला भिडलं, तेवढंच त्यात उमटतं.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं, हे मान्य केलं पाहिजे. वनहक्काच्या नियमांत पुराव्याची मोठी यादी आहे आणि तिच्यात दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. विहिरी, जुनी घरं, समाध्या, देवस्थानं या खुणाही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच सांगितलं की, उपविभागीय किंवा जिल्हा समितीनं अमुकच कागद हवा असा आग्रह धरायचा नाही. उपग्रहाचं चित्र बाकी पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. शेतात मोह राखला, बांधावर साग राखला, तर आभाळातून ते जंगलच दिसणार. झाड राखलं म्हणून शेत गेलं, असं व्हायला नको, म्हणून ही सोय. म्हाताऱ्याची आठवण, जी शहाद्यात सातबाऱ्यासमोर कवडीमोल ठरली होती, ती इथं कायद्यात पुरावा म्हणून बसली. आमच्या नवापूर-साक्रीत शरद पाटील यांच्या सत्यशोधक विचाराच्या कार्यकर्त्यांनी आणि दुसऱ्या टोकाला श्रमिक संघटनेनं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्याचं हे फळ आहे. शरद पाटील मार्क्सबरोबर फुले-आंबेडकर वाचायला सांगायचे. विषमतेचा पाया नुसत्या अर्थकारणात नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

नियम असा आहे. व्यवहार कसा आहे? दावे नाकारले जातात ते बहुतेक 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांनी. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे नाकारल्या गेलेल्यांना जंगलातून काढण्याचे आदेश दिले तेव्हा देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. दोन आठवड्यांत, २८ फेब्रुवारीला, त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्या सुनावणीत प्रश्न हाच होता की नाकारले म्हणजे नेमकं कसं नाकारले.

असं का होतं, हे नुसतं 'अधिकारी वाईट' म्हणून सुटत नाही. मी बरेच चांगले अधिकारी पाहिले आहेत आणि तेही हेच करतात. कुठल्याही कार्यालयात चुका दोन प्रकारच्या होऊ शकतात. ज्याला मिळायला नको त्याला मिळालं, ही एक. ज्याला मिळायला हवं त्याला मिळालं नाही, ही दुसरी. पहिली चूक झाली की बातमी होते, ऑडिटचा आक्षेप निघतो, चौकशी लागते, कारकुनाची वेतनवाढ थांबते. दुसरी चूक झाली की काहीच होत नाही. माणूस एसटी पकडून घरी जातो. त्या चुकीची फाईलच नसते. मग खुर्चीवरचा माणूस कोणत्या चुकीला घाबरेल? फौजदारी कायद्यानं अडीचशे वर्षांपूर्वीच आपली बाजू निवडली: दहा अपराधी सुटले तरी चालतील, एक निरपराध अडकता कामा नये. कल्याणाच्या कायद्यांनी, न बोलता, नेमकी उलटी बाजू निवडली आहे. शंभर हकदार राहिले तरी चालतील, एक लबाड शिरता कामा नये.

इथं कुणीतरी मला अडवायला हवं. आणि सभेतले तरुण अडवतीलच, कारण त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे: बोगस आदिवासी. पुरावा मागू नका म्हणता, मग आमच्या सात टक्क्यांत घुसलेल्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. खोट्या दाखल्यावर नोकरी घेतलेल्या माणसानं सरकारची नव्हे, तुमच्यातल्या कुणाची तरी जागा घेतली. महाराष्ट्राच्या जात पडताळणीच्या कायद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर टाकली आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही.

पण तिथंही ओझं कसं वाटलं जातं ते पाहा. ज्याची पाच पिढ्या इथं माती झाली त्या मावची पोरालाही पडताळणीच्या रांगेत तेवढंच उभं राहावं लागतं. प्रवेशाची तारीख टळते, व्हॅलिडिटी येत नाही. काहींना आप्तभाव चाचणी द्यावी लागते. तुमचा देव कोणता, लग्नात काय करता, मयताला काय करता? डोंगऱ्या देवाचं नाव न सांगता आलं, कारण पोरगा आश्रमशाळेत वाढला आणि तिथं सकाळी वेगळीच प्रार्थना होती, तर तो आदिवासी नाही? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. उलट बाजू बघा. जुलै २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं निकाल दिला की, दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी टिकवता येणार नाही. आणि डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतलं. म्हणजे ज्यांचा पुरावा खोटा ठरला त्यांच्या संसाराचा विचार झाला, आणि ज्यांचा पुरावा खरा होता ते अजून रांगेत. दया वाईट नाही. ती कुणाच्या वाट्याला येते, एवढंच मी विचारतो आहे.

अंगठ्याचंही तसंच. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या. कल्पना चांगलीच होती: ज्याच्याकडे दुसरा कागद नाही, त्याच्याकडे निदान बोटं आहेत. पण ऊस तोडणाऱ्या, दगड फोडणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं मशीन त्या ओळखत नाही. एके काळी जमीन जायला एक अंगठा पुरला होता. आता पाच किलो धान्य घ्यायला दहा बोटं लावून पाहावी लागतात.

दुखण्याचा पुरावा तर त्याहून अवघड. इथल्या मिशनच्या दवाखान्यात पिढ्यान् पिढ्या लोक येत आहेत. त्यांना सिकलसेल काय असतं ते सांगायला नको. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीत अडकतात आणि हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. बहुतेक वेळा दिसत काहीच नाही. सूज नाही, जखम नाही. दुखणं ही अशी एक गोष्ट आहे जिचा माणसाच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो, आणि आदिवासीच्या शब्दाला भाव किती ते आपण पाहिलंच. शाळेत मास्तर म्हणतात नाटक करतो, मुकादम म्हणतो कामचुकार आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आला, ही मोठी गोष्ट झाली. पण सवलती मिळवायच्या तर चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं. महिन्यातले आठ दिवस तळमळणारा आणि बावीस दिवस चालता-फिरता दिसणारा माणूस किती टक्के?

कुणी म्हणेल, आपली माणसं सत्तेत गेली की हे सुटेल. राखीव जागा आहेतच. नवापूर तालुक्यानं या बाबतीत महाराष्ट्राला मागं टाकलं आहे. माणिकराव गावित सलग नऊ वेळा लोकसभेत गेले, केंद्रात राज्यमंत्री झाले. सुरूपसिंग नाईक वर्षानुवर्षं आमदार, मंत्री. प्रतिनिधित्वात हा तालुका कमी पडला असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि ते असणं गरजेचं होतं, यातही मला शंका नाही. पण आमदाराच्या दारातही माणूस अर्जच घेऊन जातो. फरक एवढाच की तिथं 'सोबत'मध्ये एका ओळखीची भर पडते. ज्याची ओळख नाही, तो होता तिथंच.

मला त्यापेक्षा गुला महाराजांचा मार्ग विचार करण्यासारखा वाटतो. १९३७-३८ मध्ये तळोद्याच्या बाजूला या भिल्ल माणसानं हजारोंना एकत्र केलं. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला या, हे होतंच. पण सगळ्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं, हा त्यांचा नियम होता आणि चळवळीलाही तेच नाव पडलं. अभ्यासकांनी त्याला संस्कृतीकरण, म्हणजे वरच्या जातींचं अनुकरण, म्हणून एका खणात टाकलं. आमचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये तर आदिवासींना मागासलेले हिंदूच मानायचे, त्यांना यात नवल वाटलं नसतं. मी वेगळं वाचतो. ज्याला अरे-तुरे केलं जातं त्याची साक्षही अरे-तुरेच राहते. आधी माणसाला आदरानं हाक मारली गेली पाहिजे, मग त्याचं सांगणं ऐकलं जाईल. महाराज १९३८ मध्ये वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांना सरकारनं हद्दपार केलं. नुसत्या आरतीला सरकार इतकं घाबरत नाही.

शेवटी कामाचं बोलतो. इथं वनहक्क समित्यांचे लोक बसले आहेत. नियम १२ अ वाचा. दावा नाकारला किंवा कमी केला, तर तो निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचा असतो आणि कारणं लेखी द्यायची असतात. म्हणजे नाकारण्याचा पुरावा नाकारणाऱ्यानं द्यायचा आहे. 'पुरावा अपुरा' हे कारण होत नाही. कोणता पुरावा तपासला, म्हाताऱ्याचा जबाब का मानला नाही, जागेवर कोण आलं होतं, हे लिहून मागा. त्यानंतर वरच्या समितीकडे जायला साठ दिवस असतात. समितीला वाटलं तर आणखी तीस.

आता आपल्या गावांचा हिशोब करा. दिवाळी झाली की कोयते निघतात, बारडोलीकडच्या कारखान्यांवर. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मध्येच परतता येत नाही. माणसं उन्हाळा लागल्यावर येतात. निर्णयाचं पत्र जर डिसेंबरात आलं आणि घरी असलेल्या म्हातारीच्या हातात दिलं, तिनं ते गाडग्याखाली नीट ठेवलं, तर साठ अधिक तीस नव्वद दिवस ऊस तोडण्यातच संपले. तिच्या हाती पत्र देणं म्हणजे दावेदाराला प्रत्यक्ष कळवणं होतं का? माझ्या वाचनाप्रमाणे होत नाही. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न ठरावात घ्या, आणि मागच्या पाच वर्षांतली नकाराची पत्रं कुणाच्या हातात, कोणत्या तारखेला दिली, त्याच्या पोचपावत्या उपविभागीय समितीकडून मागवा. या वेळी पावत्या त्यांनी दाखवायच्या आहेत.